ग्लेंडाचे चाळीस तास

...आणि वर मलाच विचारतात, डार्ला, तुझं काळीज आहे की दगड? अहो, दगड असता तर बरं झालं असतं, दगडाला नात नसते! तुम्हाला सांगते, मी काही वाईट बाई नाही. बावीस वर्षं काउंटीच्या गाडी-नोंदणीच्या खिडकीत बसलेय, लोकांच्या शिव्या खात त्यांच्या हातात नंबरप्लेटी दिल्यात, आणि या बावीस वर्षांत नाताळच्या आठवड्याची रजा... एकदा म्हणून मिळालेली नाही. का? तर ग्लेंडा.

आता खिडकीवर नेमलेल्या आम्ही दोघीच. एक रजेवर गेली की दुसरीने बसायचं, आणि रजा आधी कुणाला, तर जिची नोकरी जुनी तिला. ग्लेंडाची एकतीस वर्षं. दर वर्षी डिसेंबरचा शेवटचा आठवडा तिचा. बरं, बाई जाते कुठे म्हणाल तर कुठेच नाही, घरी बसून मांजरीसाठी स्वेटर विणते! आणि माझा मुलगा कर्ट तिकडे फ्लोरिडात, नात तीन वर्षांची झाली, तिला मी बघितलंय ते फोनच्या काचेत. नेब्रास्काहून फ्लोरिडा म्हणजे काय कोपऱ्यावरचं दुकान आहे, की शनिवारी गेले नि रविवारी आले?

त्यात रजा साठवून ठेवायची सोय नाही. ठरावीक तासांच्या वर जितकी असेल तितकी एकतीस डिसेंबरला जळते. कुणाचे किती तास जळणार याची यादी आमचे व्हर्ननसाहेब कॉफीच्या मशीनवर चिकटवतात, म्हणजे साखर घालता घालता सगळ्या ऑफिसला कळतं. त्यात पहिलं नाव माझं. डार्ला, चौसष्ट तास.

आणि ऑगस्टमध्ये ग्लेंडाला निघाला आतड्याचा कॅन्सर.

नाही, वाईट वाटलं हो मला. रडलेसुद्धा. मी काही वाईट बाई नाही. पण डोळे पुसता पुसता मनात आलं, म्हणजे यंदाचा नाताळ... आलं मनात, काय करू? मनाला काय रजिस्टरवर सही करून यावं लागतं?

थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर संपेतो, तिची सगळी रजा संपली. मग आस्थापनेच्या मिसेस टोबिन खोका घेऊन फिरायला लागल्या. आमच्याकडे आपल्या रजेतले तास आजारी माणसाला दान करता येतात, चिठ्ठी लिहून खोक्यात टाकायची, नाव गुप्त. गुप्त कसलं डोंबलाचं! वसुलीतल्या डुएनने चार तास दिले आणि चौदा वेळा सांगितलं. चर्चमध्येसुद्धा सांगितलं म्हणे.

मिसेस टोबिन बोलतात कशा, तर नाकातून. "डार्ला, सुट्टीच्या आदल्या दिवशी नि नंतरच्या दिवशी माणूस पगारी नसला, तर सुट्टीचा पगार नाही. आणि वर्षअखेरीला बिनपगारी असला, तर ऑफिसचा नव्या वर्षाचा विमा सुरूच होत नाही. ग्लेंडाने नोव्हेंबरात हॉस्पिटलच्या खाटेवरून विम्याचा फॉर्म भरलाय. आठ जानेवारीला ऑपरेशन आहे. तेवीस तारखेपर्यंतचं जमलंय. पुढचे चाळीस तास कमी पडतायत." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. खिडकीबाहेर.

कळत नाही का मला? विम्याशिवाय ऑपरेशन म्हणजे घर विकायचं. आणि माझे तास तर जळणारच होते, द्यायला माझं काय जात होतं? जात होतं हो, तीच तर गोम आहे! ग्लेंडा दानाच्या तासांवर पगारी रजेत राहिली की तिची खुर्ची कागदोपत्री भरलेली, मग बदली माणूस नाही, मग खिडकीत डार्ला. ती बिनपगारी झाली की खुर्ची रिकामी, टपाल विभागातला माणूस येऊन बसतो, आणि डार्ला फ्लोरिडाला. नियम मी केलाय का?

तरी तुम्हाला सांगते, मी चिठ्ठी लिहिली. चाळीस तास, खाली सही. खोक्यापर्यंत गेले. तेवढ्यात कर्टचा फोन, आणि त्याच्या हातून फोन ओढून नात टेसा म्हणते, "आजी, फोनमधली नको. खरी ये." आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? ...नका सांगू. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

चोवीस तारखेला सकाळी सामान गाडीत भरून, गल्ल्याची किल्ली बदली माणसाला द्यायला ऑफिसात गेले. बघते तर खिडकीत ग्लेंडा! डोक्याला रुमाल, नाकात नळ्या, शेजारी चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलेंडर, आणि समोरच्या माणसाला म्हणतेय, "हा फॉर्म चुकलाय, निळा भरून आणा." तो माणूस भांडायला तोंड उघडतो, सिलेंडर बघतो, गप निळा घेऊन जातो. उभ्या जन्मात आमची रांग इतकी शहाण्यासारखी वागली नव्हती.

व्हर्ननसाहेब म्हणाले, "कामावर आली म्हणजे पगारी. खिडकीही भरली. तू जा, डार्ला." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी बरं वाटलं, लाज मागाहून वाटली.

आणि ग्लेंडाने माझा हात धरला. हात कसला, काटक्या नुसत्या. म्हणते, "जा गं, नातीला भेट. आणि ऐक, नावं सांगत नाहीत ते लोक, पण आजवर घरी पडून राहता आलं, त्यातले निम्मे तास तुझेच असणार. मला ठाऊक आहे."

मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं."

मी काही वाईट बाई नाही हो... पण गेले. पाच दिवस ती खिडकीत बसली, मी समुद्रावर. नातीने पहिल्या दिवशी मिठी मारली, दुसऱ्या दिवशी विचारलं, "आजी, तू परत कधी जाणार? तुझ्या खोलीत माझी घसरगुंडी होती."

दोन जानेवारीला कामावर आले, तर मशीनवर नवी यादी. डार्ला, चोवीस तास जळाले. चौसष्टातून रजेचे चाळीस गेले, उरले चोवीस, तिसरीतलं पोरगंसुद्धा सांगेल की दानात काय पडलं ते. चोवीस तास म्हणजे तीन दिवस. दान केलेले तास जळत नाहीत, मी परतल्यावर ऑपरेशनआधीचे तीन दिवस बाई घरी झोपली असती, आणि माझी रजाही तशीच राहिली असती. इतकं साधं, आणि मला सुचलं नाही. खरंच सुचलं नाही. ग्लेंडा यादीसमोर उभी होती, हातात कॉफी. साखर ढवळत राहिली, आणि तुम्हाला सांगते, ती साखर घेत नाही.

ऑपरेशन झालं, छान झालं. एप्रिलमध्ये बाई कामावर हजर, गाल वर आलेले, सिलेंडर नाही की काही नाही. आल्या आल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा रजेचा अर्ज टाकला. एप्रिलमध्ये! मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, अगदी मायेने.

"डॉक्टर म्हणाले, अजून दहा वर्षं मला काही होत नाही. तुझी नोकरी किती राहिली गं, डार्ला?"

मी म्हटलं, "नऊ."