मागच्या बाकावरची मावशी

हॅलो?… हॅलो, ताई? बोल, बोल! झाला का चिमीचा तास?… अगं मोठ्यानं बोल, ड्रायर चालू आहे. थांब, बंद करते.

हां, सांग आता… छे गं, पार्लर बंद कसं ठेवणार? औषधाच्या दुकानातल्या काकूंना डाय लावलाय, बँकेतल्या मॅडम ओले केस घेऊन बसल्यात. दोघींचे कान इकडेच… हो काकू, ताईच आहे, कॉलेजातून बोलतेय. आजच्या तासावर तर नोकरी ठरणार ना माझ्या लेकीची! तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हीच तर तिची तयारी करून घेतलीत.

हां ताई. वर्ग भरला होता?… अगं बाई! आणि परीक्षक?… तिघं, पहिल्या बाकावर. बरं. आणि तू बाहेर थांबली होतीस ना?… काय? आत?… मागच्या बाकावर, मुलांमध्ये?… ताई! साठीला आलीस की गं! कुणी हटकलं नाही?… केस माझ्या हातचे रंगवलेले, म्हणून खपून गेलीस. दुसरं काय.

बरं, पुढं… फळ्यावर सगळे शब्द लिहिले. ग्रीक शोकांतिकेचे… हो हो, ह्युब्रिस माहितीये मला. देवांनाही जुमानत नाही असला माज. आणि मग देव जिरवतात. त्यावरून तर ती रोज टोमणे मारते मला. "आई, निकालाआधी मिरवू नकोस, ह्युब्रिस होतो." म्हटलं, जा गं, आईचं कौतुक असतं ते, देव कानाडोळा करतात… हो, सांग ना. मी कुठं मध्ये बोलतेय?

…अडकली?

कुठं?… पहिल्याच शब्दाला. हॅमार्शियाला… हो गं, माहितीये, नायकाच्या हातून होणारी चूक. "हॅ… हॅ…" आणि पुढं काहीच नाही… काकू, अडकली म्हणे… तेच ना! इथं तुमच्याबरोबर एका सुरात म्हणताना कधी म्हणून अडखळली नाही. सगळ्या मिळून म्हणायला लागलो की तिची जीभ कशी सुटायची! एकटीनं बोलायचं म्हटलं की पुन्हा तेच.

मग, ताई?… सगळे नुसते बघत बसले… एक परीक्षक खिडकीबाहेर बघायला लागला… आणि?… ताई?

ताई, काय केलंस तू?

…ओरडलीस? "हॅमार्शिया!" म्हणून?… भर वर्गात, मागच्या बाकावरून?… अगं ताई, अगं किती वेळा सांगितलं तुला! तिचा शब्द तिच्या तोंडातून काढून घ्यायचा नाही! तेच तर सहन होत नाही तिला. शाळेत असताना आठवडाभर बोलली नव्हती तुझ्याशी, आठवतंय ना? आणि आज… रडू नकोस. आधी रडणं थांबव बाई. मला सांग, गेली का नोकरी?

…हं.

…मुलं हसली. हसणारच… मग ती?… काय म्हणाली?… परत सांग. नीट सांग, एक शब्द गाळू नकोस.

"ती माझी मावशी आहे"… बरं… "आणि तिनं आत्ता जे केलं त्यालाच हॅमार्शिया म्हणतात"… अगं! "मन साफ, हेतू चांगला, बाण सोडला मला वाचवायला… आणि नेम चुकला." असं म्हणाली? अडखळत का होईना, पण म्हणाली?… "शोकांतिकेतला नायक दुष्ट नसतो. तो माझ्या मावशीसारखा असतो." अगं ताई, तुला नायक केलं की गं तिनं!

काकू, हसताय काय, ऐका तरी… हां, हां, ताई, बोल. मग?… "आता कोरस. शोकांतिकेत नायक एकटा पडतो, तेव्हा एका सुरात बोलणारा कोरस सोबत असतो. मी एकटी बोलताना अडखळते. तुम्ही सोबत म्हणालात तर अडखळणार नाही"…

हे म्हणाली? स्वतःहून? सगळ्यांसमोर?

…काही नाही गं. डोळ्यांत डाय गेला. ताई, जन्मभर लपवलं गं तिनं ते. दुकानात गेली तर बोटानं वस्तू दाखवायची, फोन वाजला की माझ्या हातात द्यायची… आणि अख्ख्या वर्गाला सांगितलं!

…मुलं म्हणाली सोबत?… परीक्षकसुद्धा? तो खिडकीवालासुद्धा! आणि मग एकटी बोलली, शेवटपर्यंत… अडखळली तर अडखळली. थांबली नाही ना? झालं तर मग. आम्हाला आपलं वाटायचं, आमच्याशिवाय तिचं कसं होणार. माझी पोरगी आहे ती, ताई! माझी!

आता कुठाय?… आत बोलावलंय. अजून बाहेर नाही?… काय? आली? चेहरा कसा आहे? सांग ना!… तुला काय कळणार चेहऱ्यातलं, दे, तिला दे फोन. आणि तू तोंडावर हात ठेव, कळलं?

चिमे! बोल राजा.

…हं.

…हं…

श्श, काकू! मॅडम, तुम्हीही. मला कळलाय शब्द, तुम्हालाही कळलाय. पण तो तिचा आहे. तिलाच म्हणू दे.

बोल गं. घाई नाही. डाय वाळला तर वाळू दे.

…

हो! ऐकलं! अख्खं ऐकलं गं, माझे बाय!… नाही, कुणी मध्ये बोललं नाही. कुणाची हिंमत आहे?… मावशीला रागावू नकोस हं. घट्ट मिठी मार तिला. माझ्याकडूनही मार… चल, ठेव आता. मला अख्ख्या गल्लीला सांगून यायचंय, लेकीला नोकरी लागली म्हणून…

काय? ह्युब्रिस?… असू दे. देवांना म्हणावं, बाकावर बसा. आधी काकूंचे केस धुवायचेत.