मामाला कोणी घेईना

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेली शिक्षिका शेजारी मामासोबत बसलेल्या मुलीच्या एका वाक्यावर दुखणं विसरली.

“मामा, तुला विकावंच लागणार.”

“आपल्या मोबाइलवरच्या फुटबॉलच्या गेममधून? मला? कॅप्टनला?”

“टीमच्या पगाराची मर्यादा संपलीय. तू गेल्याशिवाय नवा स्ट्रायकर घेता येत नाही.”

“वीक खुशाल. रडत येशील परत.”

“विचारलं सगळ्या टीमना. फुकटसुद्धा कोणी घेत नाही!”

“फुकटसुद्धा?”

“गुडघा दुखरा आणि पगार सगळ्यांत जास्त. गेममध्ये स्वतःचा खेळाडू बनवताना तूच भरलंस ना हे?”

“गुडघा खरा टाकला, मग पगार तरी मनासारखा नको?”

“आता काय करू?”

“निम्म्या पगारावर नवा करार कर. पण कॅप्टन मीच, आणि पेनल्टीही मीच मारणार.”

“पेनल्टी? त्या गुडघ्याने?”

नर्सने शिक्षिकेला हाक मारली.

“एक मिनिट हं,” ती म्हणाली, “यांचं पेनल्टीचं ठरू दे.”