सातवं चर्च

दातांच्या दवाखान्यात माझ्या समोर नणंद-भावजय बसल्या होत्या. एकीचा भाऊ, म्हणजे दुसरीचा नवरा, नुकताच आत गेला होता.

“वहिनी, काल सातवं चर्च झालं.”

“दर रविवारी नवं! आपलं काय ओस पडलंय?”

“अगं, मी मागायला जात नाही. तिथल्या पाळकांना विचारते, तुमच्यासाठी कशाची प्रार्थना करू? मग आठवडाभर तीच करते.”

“काल कुठे होतीस?”

“आपल्या जुन्या चर्चमध्ये.”

“अगं बाई! तुझा दादा भांडून निघालाय तिथून. तीन वर्षं हे त्या गल्लीतूनसुद्धा जात नाहीत.”

“म्हणून तर शेवटी ठेवलं होतं.”

“मग? काय मागितलं त्यांनी?”

“पियानो वाजवायला माणूस मिळू दे, म्हणाले.”

“ह्यांच्या जागी अजून कोणीच नाही?”

“शोधलाच नाही म्हणे. पियानो मात्र दर शनिवारी पुसतात.”

“आणि हे जेवताना ताटाशेजारी बोटं वाजवत बसतात.”

“सांगू या का त्याला? चिडेल, उलटून बोलेल.”

“आत्ताच सांगू. तोंडात डॉक्टरांचा हात आहे, काय बोलणार? ऊठ.”