कागद दोघायचे सारखेच

...नाही, कायदा सगळ्यायले सारखाच असते, हे मले नका सांगू तुमी. आमच्या उत्तमरावले सांगा, तो नुसता पाहीन तुमच्याकडं अन् चहाचा कप खाली ठेवीन. चहाच सुटला ना बाप्पा त्याचा... थांबा, पह्यल्यापासून सांगतो.

उत्तमराव अन् जहांगीर, वावराले वावर लागून, संग्रामपूरच्या पल्याड, सातपुड्याच्या पायथ्याशी. बीटी कपाशी आली, अळी मेली, समदे खूश, पन रोही, म्हंजे नीलगाय, ते काय अळी हाय का? कळपच्या कळप उतरे अन् बोंडासकट झाड ओरबाडे. मंग दोघायनं पीक राखाले ठासणीच्या बंदुका घेतल्या. एकाच दिवशी परवाना, एकाच साहेबाची सही. कागद दोघायचे सारखेच.

इलेक्शन लागलं, हुकूम निंघाला, बंदुका ठाण्यात जमा करा. दोघं एकाच फटफटीवर निंघाले, बंदुका गोणपाटात गुंडाळून, अन् नाक्यावर पोलीस साहेबानं हात आडवा केला. उत्तमरावचा कागद पाह्यला, "या पाटील, बसा. चहा सांग रे." जहांगीरचा पाह्यला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. "बंदूक घेऊन कुठं निघालास?"

"जमा कराले, साहेब. यायच्या संगंच."

"ते आम्ही बघू. तिकडं बस."

तिकडं म्हंजे दगडावर, उन्हात. काऊन? कागद तं सारखेच होते ना हो? एक फोन झाला, दुसरा झाला, गावात चौकशी झाली, चार घंटे गेले. अन् उत्तमराव सावलीत खुर्चीवर. "साहेब, हा माह्या भावासारखा हाय", एवढंच बोलाचं होतं त्याले, ओठापर्यंत आलतं, पन हातात कप होता, घोट घेतला तं त्याच्यासंगं बोलनं बी पोटात गेलं.

बंदुका जमा झाल्या, अन् इलेक्शन झाल्यावर उत्तमरावनं आपली ठाण्यातून सोडवून आनली. जहांगीर आपली आनाले गेलाच नाही. "मले डबा पुरते," म्हने, अन् वावरात तेलाचा रिकामा डबा बडवत फिरे. रोही काय डब्याले भेते? दोन दिवस भेली, मंग अर्धी कपाशी चरून गेली.

तवा उत्तमराव दोघायच्या मधल्या धुऱ्यावर, बांधावर गेला, खाली पाहून म्हने, "जहांगीर, मी त्या दिवशी बोलाले पाह्यजे होतं."

जहांगीरनं डबा थांबवला. "बोलला असता तं तुलेबी दगडावर बसवलं असतं. अन् तुले ऊन सोसत नाही, लहानपनापासूनच."