शांतीला आधी कोण बोलावतंय?

अण्णांचा विषय निघालाच हाय तर सांगते. नांदेडच्या एका छोट्या संस्थेत प्रमुखाच्या जागेसाठी मी अर्ज केला होता. देवणीला घरी आले आन् वडिलांना म्हणाले, "अण्णा, शांतीचं काम हाय."

"कोणाच्या घरी? वास्तुशांत का ग्रहशांत?"

"तसली न्हाई हो! दोन समाजांत भांडण होऊ नये म्हणून गावोगाव फिरायचं."

"म्हंजे भांडण झाल्यावर जायचं."

"न्हाई, भांडणाच्या आधी."

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "आधी कोण बोलावतंय गं, बाई?"

मी लई चिडले. पण मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "या कामात सगळ्यात अवघड काय?" आन् मी पाठ केलेलं सगळं विसरले. तोंडातून निघालं, "भांडणाच्या आधी कोणी बोलावत न्हाई." अध्यक्ष हसले. जागा मला मिळाली.

आता अण्णा न्हाईत. एखाद्या गावात कुजबुज सुरू झाली की मी आपली जाऊन पारावर बसते. कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्हाला कोणी बोलावलं?"

मी म्हणते, "आमच्या अण्णांनी पाठवलं."