स्प्रूस तळ्यावरची हजेरी

आजच्या अध्यक्षा श्रीमती पॉलीन मॉरिन, चर्चच्या तळघरातला हा उबदार हॉल आपल्याला देणारे फादर गान्यों, सत्कारमूर्ती आणि बालवर्गापासूनचे माझे सोबती श्री. लिओनेल सूसी, स्प्रूस तळ्याच्या मच्छीमार मंडळातल्या बंधुभगिनींनो, आणि बीन्सचा वास सुटल्यापासून माझ्याकडे केविलवाण्या नजरेने बघणाऱ्या समस्त भुकेल्या मंडळींनो,

मी थोडंच बोलेन. पॉलीनची गरम धिरडी गार करण्याचं पाप मला नको.

लिओनेल येत्या मंगळवारी मुलीकडे अॅरिझोनाला निघाला. कायमचा. "वाळवंटात जातोय, आता बुडायची भीती नाही," असं तो काल म्हणाला आणि स्वतःच हसला. मी हसले नाही. मघाशी कॉनरॅड म्हणाला, "लिओनेलबरोबर त्याची ती हजेरीही निवृत्त करू या, म्हणजे तळ्यावर शांतता नांदेल." सगळा हॉल हसला. म्हणूनच मी आता बोलायला उभी आहे.

ही हजेरी तुम्हाला ठाऊक आहे. धुक्यात आपण आपापल्या छोट्या कयाक होड्यांमध्ये विखुरलो की लिओनेल एकेकाचं नाव पुकारतो. ट्राउट मासा वर येत असो की नसो, ज्याचं त्याने 'हजर' म्हणायचं. किती चिडता तुम्ही! बरोबरच आहे. उत्तर दिलं की मासा कुठे सापडतोय ते सगळ्यांना कळतं. पूर्वीची आपली रीत वेगळी होती. हाकेला ओ आली नाही की समजायचं, गड्याला मासा सापडला.

मग लिओनेलने ही हजेरी का आणली? म्हातारचळ लागला म्हणून? आजवर तुम्ही तसंच समजलात. मी गप्प बसले, कारण त्याने मला शपथ घातली होती. फादर, शपथ मोडल्याचं प्रायश्चित्त शनिवारी घेईन. आज मात्र बोलू द्या.

लिओनेलची बायको सिमोन वारली, त्याच्या पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. तळ्यावरचा बर्फ नुकताच वितळला होता. सकाळी धुकं असं दाट, की मला माझ्याच कयाकचं टोक दिसत नव्हतं. मी सहज हाक मारली, "लिओनेल, काही लागलं का रे?" उत्तर नाही. धुक्यातून कुणीतरी खिदळलं, "सापडला त्याला! आता तोंड उघडायचा नाही."

"जर्मेन, ओरडू नकोस गं बाई! मासे पळतील!" दुसरा म्हणाला.

आता ऐका. उत्तर न देणारा माणूसही गळाची दोरी फेकत असतोच. ती डोक्यावरून जाताना सर्र असा बारीक आवाज होतो. लिओनेलच्या दोरीचा आवाज मी हजारांत ओळखेन. त्या सकाळी तो ऐकू येत नव्हता. मी कॉनरॅडला हाका मारल्या, पुन्हा पुन्हा मारल्या. कॉनरॅड, तू ओ दिली नाहीस. तुझ्याजवळ मासा आला होता. राग नाही रे, तेव्हा तीच रीत होती.

मला पोहता येत नाही. आजही येत नाही. मी वल्हं मारत त्या पांढऱ्या अंधारात शिरले, तोंडाने 'नमो मरिये'ची प्रार्थना चालू. मग टक्... टक्... असं ऐकू आलं. लिओनेलची कयाक उलटी झाली होती आणि तो तिला धरून गळाच्या रिळाने तिच्यावर ठोकत होता. लाइफ जॅकेट होतं अंगात. पण त्या पाण्यात जॅकेट काय करणार? माणूस बुडण्याआधी गारठतो आणि त्याचे हात सुटतात. त्याचे ओठ निळे पडले होते. आवाज फुटत नव्हता.

त्याच्या गळाची माशी, म्हणजे पिसं-दोऱ्याने बांधलेलं खोटं आमिष, बुडालेल्या झाडाच्या फांदीत अडकली होती. कुणीही दोरा तोडला असता. याने तोडला नाही. ती सिमोनने बांधलेली शेवटची माशी होती. ती सोडवायला तो वाकला, वाकला आणि कलंडला.

"माझ्या कयाकच्या मागची दोरी धर," मी म्हटलं, "आणि सोडलीस तर बघ!"

मी किनाऱ्याकडे निघाले. कयाकमध्ये मागे वळता येत नाही, वळलं की तीही उलटते. मागे तो आहे की नाही, कसं कळणार? कयाक जरा हलकी वाटली की वाटायचं, सुटला. तेव्हा मला शाळेत आमची हजेरी घेणाऱ्या सिस्टर ओडील आठवल्या. मी त्यांच्याच आवाजात पुकारलं, "लिओनेल सूसी?"

बऱ्याच वेळाने मागून कण्हल्यासारखं आलं, "हजर, सिस्टर."

वल्ह्याचे चार फटके. पुन्हा नाव. पुन्हा 'हजर'. एकदा उत्तर आलंच नाही. मी किंचाळले, "मुकाट्याने उत्तर दे, नाहीतर भिंतीकडे तोंड करून उभा राहशील!" तेव्हा दात वाजवत तो म्हणाला, "शाळेतही... तूच चुगल्या करायचीस." एवढं गोड बोलणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

किनाऱ्याला लागल्यावर त्याने एकच मागितलं, "एका माशीपायी मेलो असतो, हे कुणाला सांगू नकोस." पुढच्या शनिवारपासून हजेरी सुरू झाली.

मंडळी, लिओनेलला खुशाल निरोप द्या, हजेरीला देऊ नका. नाव मी पुकारीन. आणि लिओनेल, वाळवंटातही माणूस एकटा पडतो, गप्प होतो. दर रविवारी मी फोन करीन, तो उचलायचा. लगेच उचलायचा.

पॉलीन, फादर आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, शपथ मोडली तीही, पदरात घ्या. मी मुळातच घाबरट आहे.

बसण्याआधी एकच. लिओनेल इथे व्यासपीठावर माझ्या पाठीमागे बसला आहे. मघापासून त्याचा आवाज आलेला नाही, आणि मी मागे वळून बघणार नाही.

लिओनेल सूसी?