वैशालीचं अर्धं वाक्य

"...मग नवरा प्यायला लागला, घर फुटलं, सगळे वेगळे राहायला लागले. आमच्याकडेही आता..." एवढंच कानावर आलं आणि शेजारची वैशाली मैत्रिणीशी बोलत जिना उतरून गेली. आता सांगा, मला चैन पडेल का? डोंबिवलीत आमची भिंत एक आणि तिचा नवरा सुनील माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला.

शेजारची वाटी रिकामी देऊ नये, म्हणून शिरा घालून तिच्या सासूकडे गेले. "सुमनवहिनी, सुनील पितो का हो हल्ली?" वहिनी मटकन खालीच बसल्या. तेवढ्यात वैशाली आली आणि ऐकून हसतच सुटली.

"अहो काकू, ते केबलवरचं इंग्रजी कार्टून! एरवी त्यात एका कुटुंबाची गंमत असते. काल मात्र गोष्टच नव्हती. त्यातली पात्रंच नटनट्यांवरच्या माहितीपटासारखी खुर्चीत बसून मुलाखती देत होती. आधी नाव झालं, पैसा आला, मग दारू, मग भांडणं. स्वतःचीच टर उडवत होती!"

वहिनी डोळे पुसत हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच उठायचं ना? पण माझं तोंड! "मग ते ‘आमच्याकडेही आता’ काय गं?"

वैशालीचं हसू गेलं. सासूकडे न बघता म्हणाली, "दारू कार्टूनमधली, आई. पण आम्ही ठाण्याला नौपाड्यात दोघांपुरती जागा बघितलीय. हे रविवारी सांगणारच होते तुम्हाला."

वाटी वहिनींचीच होती. तरी त्यांनी ती शिऱ्यासकट माझ्या हातात परत ठेवली.